चुका संपतच नाहीत!



तुमच्या घरी, वर्गात किंवा शेजारी अशी एखादी व्यक्ती नक्की असेल. भाजीत मीठ बरोबर पडलं, तर तिला पोळी करपलेली दिसते. पोळी मऊ असली, तर ताट ओलं! "यांचा स्वभावच किरकिरा," असं म्हणून आपण मोकळे होतो. मीही तसंच म्हणत असे. पण एकदा ती किरकिरी व्यक्ती मीच निघाले!

त्याचं असं झालं. चौथीतल्या एका मुलाच्या शुद्धलेखनात पानाला दहा-बारा चुका असायच्या. त्याने मन लावून सराव केला. दिवाळीनंतर चुका दोनवर आल्या. तरी पानावर माझी लाल शाई तेवढीच! कारण आता तिरकी शिरोरेघ, समासात गेलेलं अक्षर, खाडाखोड यांनाही मी गोल करू लागले होते. एक दिवस वही घेताना तो हळूच म्हणाला, "बाई, माझं कधीच बरोबर येणार नाही का?" मला उत्तरच सुचेना.

उत्तर सापडलं ते अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या एका प्रयोगात. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. लोकांना पडद्यावर एकेक रंगीत ठिपका दाखवला. काही निळे, काही जांभळे, काही मधल्या छटांचे. ठिपका निळा आहे की नाही, एवढंच सांगायचं. हळूहळू निळे ठिपके कमी केले आणि काय गंमत! आधी ज्यांना जांभळे म्हटलं, तसेच ठिपके लोकांना आता निळे वाटू लागले. निळे कमी होणार, हे आधी सांगितलं तरी तेच! दुसऱ्या प्रयोगात धमकावणारे चेहरे कमी केले, तर साधे चेहरेही लोकांना धमकावणारे वाटले.

म्हणजे पाहा, शोधायची गोष्ट कमी झाली, की मन आपली मोजपट्टीच बदलतं. आपल्या ते ध्यानातही येत नाही. शिवाय मन खटकणाऱ्या गोष्टीकडेच आधी धावतं. बाकीचे दात शाबूत असले, तरी जीभ पडलेल्या दाताच्याच जागी जाते ना?

मग अशा माणसांशी वागायचं कसं? रुसू नका, उलट उत्तर देऊ नका. शांतपणे विचारा, "नेमकं काय सुधारू?" उत्तर मिळालं, तर तेवढं सुधारा. नुसतीच कुरकुर असेल, तर सोडून द्या. आजी सारखी टोकत असेल, तर पाच मिनिटं तिच्याजवळ बसा. तिचे गुडघे दुखत असतील, किंवा दिवसभर तिच्याशी कुणी बोललंच नसेल. मात्र विजेची उघडी वायर दाखवणारा माणूस किरकिरा नव्हे हं! त्याचे आभारच माना.

आणि पालकांनो, काय तपासायचं ते आधी ठरवा आणि मुलांनाही सांगा. मी आता 'आज फक्त ऱ्हस्व-दीर्घ' असं फळ्यावर लिहून मगच वह्या घेते.

त्या मुलासमोर मी त्याचं जूनमधलं पान आणि नवं पान शेजारी-शेजारी ठेवलं. त्याने स्वतःच चुका मोजल्या. "बाई, तिकडे बारा, इकडे दोन!" म्हणाला आणि वही छातीशी धरून पळाला.

मित्रांनो, आज तुम्हीही तुमची एक जुनी वही काढून बघा बरं!