दडलेले शहर आणि हिंडणारा लेखक : ‘मुंबईचे वर्णन’ ते ‘गोलपिठा’

महानगरीय साहित्याचा तौलनिक विचार करताना ‘फ्लानर’ ही संकल्पना आधाराला घेण्याचा प्रघात आहे. गर्दीत मिसळूनही तिच्यापासून अलिप्त राहणारा, निरुद्देश हिंडणारा हा पॅरिसचा भटक्या बोदलेरने चित्रकार कॉन्स्तांतँ गीस याच्यावरील, १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात रेखाटला. गीसच्या प्रतिभेचे मूळ बोदलेर कुतूहलात शोधतो. पुढे वाल्टर बेन्यामिनने पॅरिसमधील काचेच्या छपरांखालील बाजारवाटांचा अभ्यास करताना या भटक्याला आधुनिकतेच्या चर्चेत मध्यवर्ती स्थान दिले. तथापि, अन्य शहरांतील कुतूहलही याच मापाने मोजावे काय, हा प्रश्न तौलनिक अभ्यासकाने टाळू नये.

योगायोग असा की, त्याच १८६३ साली गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. मडगावी जन्मलेले माडगांवकर बालपणीच मुंबईत आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाच्या व्यापाराला उधाण आले होते आणि त्याच दशकात किल्ल्याचा तटही पाडला जात होता. अशा वेळी किल्ला, बाजार, प्रार्थनास्थळे, कारखाने आणि नाना जातिधर्मांचे रहिवासी यांची माहिती त्यांनी एकत्र केली. पाहिलेले, वाचलेले, ऐकलेले असे सारे त्यांनी आकड्यांसह नोंदवले. त्यांचे कुतूहल रिकामपणातून आलेले नाही. मिळालेले ज्ञान इतरांपर्यंत पोचवण्याच्या निकडीतून ते आले आहे. अलिप्तता हे त्याचे लक्षण नव्हे; शहर आपले म्हणण्याचा तो एक मार्ग आहे.

त्याच सुमारास कोलकात्यात कालीप्रसन्न सिंह यांनी ‘हुतोम प्यांचार नक्शा’ लिहिले. येथे हिंडणाऱ्याने घुबडाचा मुखवटा धारण केला आहे. उत्सव, सोंगे आणि बाबूवर्गाचा डामडौल तो उपहासाने उघडा पाडतो, आणि तोही शहराच्या बोलभाषेत. माडगांवकरांचे कुतूहल शहराची माहिती देते, तर हुतोमचे शहराचे बिंग फोडते. एकाच वसाहतकाळातील या दोन बंदरशहरांत कुतूहलाने अशी भिन्न रूपे घेतली. दोहोंना ‘भारतीय फ्लानर’ म्हटल्यास नेमका हा भेदच पुसला जातो.

मराठीत या प्रश्नाला निर्णायक वळण दिले ते नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) या संग्रहाने. ढसाळही बालपणीच खेड्यातून मुंबईत आले. पण कामाठीपुऱ्याच्या परिसरातील ज्या वस्तीत ते वाढले, ती त्यांच्या लेखी ‘दडलेली’ नव्हतीच. संग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. नावाजलेल्या मराठी नाटककाराला मराठी कवितेतील कित्येक शब्दांचे अर्थ कवीलाच विचारावे लागले, ही बाब त्या प्रस्तावनेतून स्पष्ट होते. वस्ती त्याच शहरात होती, भाषाही तीच होती. तरी वाट दाखवायला माणूस लागला. शहराचा कोपरा केवळ गल्लीबोळांमुळे दडत नाही. जात, वर्ग आणि प्रमाणभाषा यांच्या आडोशानेही तो दडतो.

स्त्रीच्या बाबतीत हा आडोसा आणखी दाट होतो. शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांच्या ‘व्हाय लॉइटर?’ (२०११) या मुंबईविषयक अभ्यासाने स्त्रियांच्या निरुद्देश वावराचा हक्क चर्चेत आणला. काम सांगितल्याशिवाय जिला रस्त्यावर थांबता येत नाही, तिच्यासाठी भर चौकही अज्ञात प्रदेशच असतो.

या संहितांचा एकत्र विचार केला असता एक गोष्ट लक्षात येते. ‘अज्ञात कोपरा’ हा स्थळाचा गुण नसून पाहणारा आणि स्थळ यांच्यातील संबंध आहे. म्हणून नगरसाहित्याच्या तुलनेत लेखकाने काय शोधले, एवढेच विचारून भागत नाही. ते कोणापासून दडले होते, तेथे आधीपासून राहणाऱ्यांना त्या शोधात बोलता आले काय, आणि लेखकाने त्यांचे शब्द समजून घेतले काय, हेही विचारावे लागते. कुतूहलाची खरी कसोटी चाललेल्या अंतरात नसून या उत्तरांत आहे.