आईची पहिली बोट

रे रोडच्या दारूखान्यात मोडीत निघालेली जहाजे आईने जन्मभर पाहिली. पण बोटीत कधी बसली नव्हती. हाताशी चार पैसे आले, तेव्हा आम्ही मायलेकींनी ठरवले, एकदा समुद्रावर जायचेच.

बॅलार्ड पिअरहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझची जाहिरात पाहिली. पण रात्री पाण्यावर काढायच्या आणि आईला बोट लागली तर? मध्येच उतरता येत नाही. मग घारापुरी सुचली. तिथल्या टेकडीवर प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. परंतु लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या, आणि आईचे गुडघे दुखरे.

अखेर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो ठरली. २०२० साली सुरू झालेली ही बोट मोठी, म्हणून लाँचपेक्षा कमी डोलते, तासाभरात पलीकडे. संध्याकाळी घरी परत.

डेकवर आईने विचारले, “बाबासाहेब न्यूयॉर्कला बोटीनेच गेले होते ना गं?” हो, १९१३ साली, याच मुंबईहून. ती बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली.

भगिनींनो, पहिली सफर जाहिरात पाहून नव्हे, आईची प्रकृती पाहून निवडा. आमची आई आता म्हणते, “घारापुरीला जाऊ. पायऱ्या बसत बसत चढेन.”