कचऱ्याची गाडी कुठे आहे?

मध्य प्रदेशात इंदूर नावाचे मोठे शहर आहे. २०१७ साली देशातल्या स्वच्छ शहरांत त्याचा पहिला नंबर लागला. तिथे कचऱ्याच्या गाड्या दारोदार फिरतात. पण गाडी गल्लीत खरोखर गेली का, हे कचेरीत कसे कळणार? त्यासाठी गाड्यांवर एक लहान यंत्र बसवले आहे. त्याला जीपीएस म्हणतात.

हे यंत्र चालते कसे? आकाशात सुमारे २०,००० किलोमीटर उंचावर उपग्रह फिरतात. ते माणसानेच सोडलेले आहेत. ते सारखे संदेश पाठवतात. गाडीतले यंत्र निदान ४ उपग्रहांचे संदेश घेते. संदेश यायला किती वेळ लागला, त्यावरून उपग्रह किती दूर ते समजते. मग गाडीची जागा ठरते. मोबाइलच्या जाळ्यातून ती कचेरीला कळते. तिथल्या नकाशावर गाडी ठिपक्यासारखी सरकताना दिसते.

गल्ली चुकली तर लगेच उघडकीस येते. जो चालक इमानाने गेला, त्याच्यावर खोटा आळ येत नाही.

पण एक ध्यानात ठेवा. गाडी आली, एवढेच यंत्र सांगते. कचरा उचलला का, ते त्याला दिसत नाही. ते गल्लीतल्या माणसांनीच पाहायचे. नाही उचलला, तर विचारायचे!