सहकाराचे दप्तर : लेखांक सातवा
सभासदाचा पत्ता

मागील लेखांकात भागपत्र व वारसनोंद यांचा विचार झाला. आज त्याच दप्तरातील, परंतु कारभारी मंडळींचे सहसा लक्ष न जाणाऱ्या एका नोंदीचा, म्हणजे सभासदाच्या पत्त्याचा, विचार करावयाचा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 याच्या कलम 38 अन्वये प्रत्येक संस्थेने सभासदांची नोंदवही ठेवावी आणि तीत सभासदाचे नाव, पत्ता व व्यवसाय नमूद करावा, असा दंडक आहे. वसईच्या माणिकपुरातील कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या कचेरीतील कपाट उघडा. ‘आय’ नमुन्याची ती जाडजूड वही आणि ‘जे’ नमुन्याची यादी तेथे असावयासच हवी. सभेची सूचना पोहोचावी, मतदाराची ओळख पटावी, सभासदाच्या पश्चात वारसाला गाठता यावे, एवढ्याचसाठी हा पत्ता मागितला जातो आणि एवढ्याचसाठी तो दिला जातो.

ही यादी चोरीने क्वचितच बाहेर जाते. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेला जाहिरात देणारा दुकानदार, ज्येष्ठ नागरिकांसाठी मोफत आरोग्य शिबिर भरविणारे खासगी रुग्णालय, पुनर्विकासाचा प्रस्ताव घेऊन आलेला विकासकाचा माणूस, ह्यांपैकी कोणी सहज म्हणून ती मागतो, आणि उत्सवाचा खर्च भागल्याच्या समाधानात असलेला चिटणीस, मनात कसलीही लबाडी नसताना, ती मोबाइलवरून पाठवून देतो. शिबिराच्या दारातील टेबलावरचा तक्ताच पाहा. नाव, सदनिका क्रमांक, दूरध्वनी, वय, मधुमेह आहे काय, रक्तदाब आहे काय, असे रकाने आखलेले असतात आणि शेवटी सहीची जागा असते. हा कागद शिबिरानंतर कोणाच्या ताब्यात राहील, ह्याविषयी मात्र त्यावर एक अक्षरही नसते. मग तपासण्यांची, विम्याची, श्रवणयंत्रांची बोलावणी घरोघर सुरू होतात. भागपत्र अद्याप दिवंगत पतीच्या नावावर असेल, तर पाकिटेही त्याच्याच नावाने येतात, आणि ती पत्नीला उघडावी लागतात. ह्याला केवळ उपद्रव म्हणून सोडून देणे मला मान्य नाही. ज्या माणसांनी विश्वासाने आपली माहिती संस्थेच्या स्वाधीन केली, त्यांच्या विश्वासाचा हा भंग आहे.

ह्यावर पदाधिकाऱ्यांचा एक ठरावीक युक्तिवाद असतो, तो असा की नावे तर जिन्याखालच्या फलकावर लिहिलेलीच आहेत, मग लपविण्यासारखे राहिले काय? परंतु फलकावरील नाव पोस्टमनच्या आणि पाहुण्याच्या सोयीसाठी असते. तेच नाव दूरध्वनी, वय व आजार यांसह शंभर जणांच्या पंक्तीत एका कागदावर आले, की त्याला बाजारभाव येतो. 1918 मध्ये वसईत बॅसीन कॅथलिक सहकारी बँक स्थापन झाली, तेव्हाच्या वाड्यांतून व पाड्यांतून सभासदाचा ठावठिकाणा गावाला ठाऊकच असे. अपरिचितांनी भरलेल्या आजच्या माणिकपुरात ती यादी म्हणजे परक्याच्या हाती दिलेला दाराचा पत्ता आहे. संघटित सभासदांकडे व्यापाऱ्याची दृष्टी वळणे काही नवे नव्हे. अमेरिकेतील ‘ग्रेंज’ ह्या शेतकरी संघटनेचे सभासद समोर ठेवूनच माँटगोमेरी वॉर्डने 1872 मध्ये शिकागोहून टपालाने माल विकण्याचा धंदा मांडला.

कायद्याकडे पाहू गेल्यास एक विसंगती नजरेत भरते. कंपन्यांच्या बाबतीत केंद्र सरकारने 2022 मध्ये नियमांत दुरुस्ती करून भागधारकाचा पत्ता, ई-मेल व पॅन क्रमांक हे नोंदवहीच्या तपासणीतून वगळले. सहकारी संस्थेत मात्र सभासदाला नोंदवही पाहण्याचा हक्क आहे, आणि तो असलाच पाहिजे; बोगस सभासद, निवडणुकीतील मतदार, समितीचा कारभार ह्यांवर लक्ष ठेवण्याचे ते साधन आहे. अडचण सभासदाच्या पाहण्यात नाही. संस्थेने तीच यादी त्रयस्थाला देण्यात आहे, आणि पुष्कळ कारभारी ह्या दोहोंत भेद करीत नाहीत. संसदेने 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम संमत केला. त्यानुसार संमती ही मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक, बिनशर्त व निःसंदिग्ध असली पाहिजे, आणि संमती मागणारी सूचना मराठीतही मिळण्याचा पर्याय सभासदाला असला पाहिजे. नोव्हेंबर 2025 मध्ये नियम अधिसूचित झाले, परंतु मुख्य बंधनांसाठी त्यांनी अठरा महिन्यांची मुदत दिली. शिवाय निव्वळ कागदावर राहिलेली माहिती ह्या अधिनियमाच्या कक्षेत येत नाही; ती संगणकात किंवा मोबाइलवर उतरली म्हणजे येते. चिटणिसाने वहीच्या पानाचे छायाचित्र काढून पाठविले, की तो कागदाचा आडोसा सुटला, असेच मी मानतो.

ब्रिटनमध्ये डिसेंबर 2016 मध्ये तेथील माहिती आयुक्तांनी देणगीदारांच्या माहितीच्या गैरवापराबद्दल दोन नामांकित धर्मादाय संस्थांना दंड केला. प्राण्यांचे क्रौर्यापासून रक्षण करणाऱ्या ‘रॉयल सोसायटी’ला 25,000 पौंड आणि ‘ब्रिटिश हार्ट फाउंडेशन’ला 18,000 पौंड. हेतू परोपकाराचा होता, म्हणून दोष माफ झाला नाही.

आपल्याकडे उपाय सर्वसाधारण सभेच्या हाती आहे. वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, घ्यावी लागते. सभासदांची यादी, दूरध्वनी क्रमांक वा शिबिरातील तक्ते त्या-त्या सभासदाच्या लेखी संमतीवाचून कोणाही त्रयस्थाला देऊ नयेत. न्यायालय, निबंधक किंवा अन्य कायदेशीर अधिकाऱ्याने मागितल्यास जेवढे मागितले तेवढेच द्यावे. आणि कोणाला काय दिले ह्याची नोंद दप्तरी ठेवावी, अशा आशयाचा ठराव तेथे मांडता येतो. तो विषयपत्रिकेवर यावा म्हणून सभेची सूचना निघण्यापूर्वीच चिटणिसाला अर्ज द्यावा आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पुढील लेखांकात विषयपत्रिका व इतिवृत्त.