लाखेचा जाड हात

म्हैसूरच्या राजवाड्यात अंबाविलास दालनापाशी असलेले हस्तिदंती जडावाचे शिसवी दार ज्यांनी निरखून पाहिले आहे, त्यांच्यापैकीही पुष्कळांची अशी समजूत असते की पॉलिशाचा थर जितका जाड तितकी चकाकी अधिक आणि लाकडाचे रक्षणही अधिक. वस्तुतः लाखेच्या पॉलिशाची खोल चकाकी ही पातळ हातांची आणि प्रत्येक हात वाळू देण्याच्या संयमाची निष्पत्ती होय. जाड थराचा पृष्ठभाग आधी आळतो, लाख ज्यात विरघळवलेली असते ते स्पिरिट त्याखाली कोंडले जाते, आणि मग तो थर कित्येक दिवस चिकट राहून त्यावर बोटांचे ठसे उमटतात; पावसाळी दमट हवेत लावलेला असल्यास तो पांढुरकाही होतो. अशा वेळी वरून आणखी एक हात देण्याचा इलाज सर्रास केला जातो, परंतु नव्या हातातील स्पिरिट खालचा थर पुन्हा मऊ करून मूळ दोषात भरच घालते.

याहून घातक गैरसमज म्हणजे सगळे काचकागदाने खरवडून काढल्यावाचून गत्यंतर नाही, हा. मऊ लाख कागदाला चिकटून त्याची धार बुजवते, घर्षणाच्या उष्णतेने वितळते, आणि जडावाचे तुकडे पातळ असतील तर ते कायमचे झिजून जातात. खरवडण्याची गरजही नसते, कारण लाख वर्षानुवर्षांनंतरही स्पिरिटात विरघळते. महाराजा नाल्वडी कृष्णराज वडियारांच्या कारकीर्दीत १९३७ साली ज्या शहरात लाखेचा व रंगांचा कारखाना उभा राहिला, त्या म्हैसुरात तरी लाखेचा हा गुण विस्मृतीत जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

म्हणून प्रथम थर कशाचा आहे याची तपासणी करावी. आतल्या, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटाचा थेंब टाकावा. थोड्याच वेळात पृष्ठभाग चिकट झाला तर ती लाख समजावी, आणि स्पिरिटात जेमतेम ओलावलेल्या, आतून कापूस भरलेल्या सुती बोळ्याने, एकाच जागी न थांबता, जादा थर हळूहळू उचलावा. तेलाचे व्हार्निश किंवा पॉलियुरेथेन मात्र स्पिरिटाला दाद देत नाही. ते पूर्ण कडक झाल्यावर बारीक कागदाने सपाट करणेच योग्य. अळशीच्या तेलाचा जादा लेप चिकट असेतो टर्पेंटाइनच्या फडक्याने निघतो, मात्र तेलाची फडकी चुरगळून ठेवल्यास आपोआप पेट घेतात, सबब ती पसरून वाळवावीत.

जडावाच्या जिनसेला विशेष खबरदारी हवी. हस्तिदंताला आता कायद्याने बंदी असल्याने नक्षीत फिक्या रंगाची लाकडे बसवतात, आणि शिसवाचा काळसर रंग स्पिरिटात उतरून त्यांच्यावर पसरतो. यास्तव फडक्याची स्वच्छ बाजू वारंवार बदलावी, आणि फिक्या तुकड्यावरून शिसवाकडे पुसावे, उलट दिशेने कदापि नाही.