आघात कुठे पडतो? इंग्रजी शब्दांतला जोर ओळखण्याची रीत



दिल्लीत राजिंदरनगर, मुखर्जीनगर या भागांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आपली खूप मुलं आहेत. गुरुग्राम-नोएडातल्या कंपन्यांत तर मराठी माणूस पावलोपावली भेटतो. या मंडळींचा एक प्रश्न वारंवार येतो: व्याकरण ठीक, शब्दही येतात, प्रत्येक अक्षर आम्ही स्वच्छ उच्चारतो, तरी समोरचा माणूस ‘पार्डन?’ का म्हणतो?

बऱ्याच वेळा उत्तर असं असतं, की अक्षरं बरोबर असतात, वजन चुकीच्या जागी पडलेलं असतं. यालाच आघात म्हणतात. इंग्रजीत स्ट्रेस.

आधी दोन शब्द पक्के करू. बोलताना शब्दाचे जे स्वाभाविक तुकडे पडतात, त्या प्रत्येकाला सिलॅबल म्हणतात. आपण ‘तुकडा’च म्हणू. ‘बनाना’ या शब्दात तीन तुकडे आहेत: ब-ना-ना. इंग्रजीत दोन किंवा अधिक तुकड्यांच्या शब्दात एक तुकडा इतरांपेक्षा वरचढ असतो. तो किंचित मोठ्याने, थोडा लांबवून, सूर बदलून आणि पूर्ण स्वर देऊन म्हटला जातो. बाकीचे तुकडे दबतात. ब-ˈना-ना मध्ये मधला ‘ना’ भरदार आहे आणि शेवटच्या ‘ना’तला ‘आ’ जवळजवळ ‘अ’ होतो. मी इथे ˈ अशी उभी रेघ दिली आहे. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या शब्दकोशांत उच्चार देताना हीच खूण असते. जोराच्या तुकड्याच्या आधी, वरच्या अंगाला. पुष्कळ जण वर्षानुवर्षं शब्दकोश वापरतात, पण या रेघेकडे पाहतच नाहीत.

आपल्याला हे जड का जातं?

मराठीतही काही तुकडे जड, काही हलके असतात. शाळेत वृत्तं शिकताना आपण लघु-गुरू मांडले आहेत. पण ते वजन ऱ्हस्व-दीर्घावर आणि जोडाक्षरावर ठरतं. लिहिलेलं पाहिलं की कळतं. शिवाय जोर हलवल्याने मराठी शब्दाचा अर्थ बदलत नाही. वाक्यात एखाद्या शब्दावर भर द्यायचा तर आपल्याकडे ‘च’ आहे, ‘तर’ आहे, ‘ही’ आहे. ‘मीच गेलो’ म्हटलं की काम झालं. इंग्रजी हे काम आवाजाच्या जोरावर करते. त्यामुळे इंग्रजी कान जोर शोधत असतो आणि आपली जीभ सगळ्या तुकड्यांना समान वागणूक देत असते.

दुसरी अडचण आपल्याच घरातली आहे. इंग्रजी शब्द मराठीत आले तेव्हा त्यांनी आपला पोशाख चढवला. ‘तिकीट’ घ्या. मूळ इंग्रजीत तो ˈटि-किट, म्हणजे जोर पहिल्यावर. मराठीत अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहितात, तत्सम शब्द वगळून. म्हणून तिकीट, पाकीट, बिस्कीट. उच्चाराचं वजन सरकून शेवटी गेलं. हाच कल पोलीस आणि मशीन या शब्दांत मात्र इंग्रजीशी जुळतो, कारण तिथे मूळ जोरही शेवटच्या तुकड्यावरच आहे: प-ˈलीस, म-ˈशीन. ‘हॉटेल’मध्ये उलटं झालं. इंग्रजीत हो-ˈटेल, आपण ‘हॉ’वर भार दिला. मराठी बोलताना तिकीट आणि हॉटेल आपल्या पद्धतीनेच म्हणा. ते आता मराठी शब्द आहेत. इंग्रजी वाक्यात मात्र मूळ वजन द्या.

जोर चुकला तर काय बिघडतं?

डी-ई-एस-ई-आर-टी हा शब्द पाहा. ˈडे-झर्ट म्हणजे वाळवंट. डि-ˈझर्ट म्हणजे सोडून पळणे, आणि सैन्यात त्याचा अर्थ फार गंभीर: पलटण सोडून पळून जाणे. राजस्थानात सेवा केली हे सांगताना जोर चुकला तर ऐकणारा चमकेल. असे जोडशब्द इंग्रजीत पुष्कळ आहेत.

हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशचे आर. के. बन्सल यांचा भारतीय इंग्रजी इतरांना किती समजते यावरचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. बोलणं न समजण्याच्या मोठ्या कारणांत त्यांना शब्दातला चुकलेला आघात आढळला. ती संस्था म्हणजेच आजचं इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ.

कारण समजून घ्या. ऐकणारा माणूस शब्द अक्षर-अक्षर जुळवून ओळखत नाही; शब्दाचा एकूण आकार ओळखतो. आकार बदलला की तो क्षणभर अडतो, आणि तेवढ्यात तुमचे पुढचे चार शब्द निघून गेलेले असतात.

आम्ही वायरलेसवर बोलायचो तेव्हा खरखरीत अर्धे ध्वनी हरवायचे. टिकायचा तो जोराचा तुकडा. १९५६ पासून जगभर वापरात असलेल्या अल्फा, ब्राव्हो, चार्ली या वर्णमालेच्या अधिकृत तक्त्यात उच्चाराबरोबर जोराचा तुकडाही अधोरेखित केलेला आहे. हो-ˈटेल, नो-ˈव्हेम-बर, के-ˈबेक आणि पा-ˈपा! आपण वडिलांना हाक मारतो तसा ‘ˈपप्पा’ नाही. आकडेही एकेक करून सांगतात, ‘वन थ्री’, म्हणजे थर्टीन की थर्टी हा घोळ उरत नाही. फोनवर रक्कम किंवा तारीख सांगताना तुम्हीही हेच करा. एरवी लक्षात ठेवा: थर्-ˈटीन म्हणजे तेरा, ˈथर्-टी म्हणजे तीस. ओळीने मोजताना मात्र ˈथर्टीन, ˈफोर्टीन असा जोर पुढे येतो.

कामाला येणारे चार नियम

इंग्रजी आघाताचे नियम शंभर टक्के चालत नाहीत, पण हे चार बरंच अंतर नेतात.

एक. दोन तुकड्यांचा शब्द नाम आणि क्रियापद दोन्ही असेल, तर नामात बहुधा पहिल्यावर जोर, क्रियापदात दुसऱ्यावर. ˈरे-कॉर्ड म्हणजे नोंद, रि-ˈकॉर्ड म्हणजे नोंदवणे. ˈपर्-मिट म्हणजे परवाना, पर्-ˈमिट म्हणजे परवानगी देणे. ˈकॉन्-डक्ट म्हणजे वर्तन, कन्-ˈडक्ट म्हणजे चालवणे, पार पाडणे. जोर गेला की स्वर कसा दबतो पाहा: ‘कॉन्’चा ‘कन्’ झाला.

दोन. शेवटी ‘शन’, ‘इक’ किंवा ‘इटी’ आलं, की जोर त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर. एज्यु-ˈके-शन, इलेक्-ˈट्रि-सिटी. मुलाखतीत हमखास लागणारी ही कुटुंबं पाठ करा: ˈडे-मक्रॅट, डि-ˈमॉ-क्रसी, डेम-ˈक्रॅ-टिक. इ-ˈकॉ-नमी, ईक-ˈनॉ-मिक. अड्-ˈमि-निस्टर, अड्मिनि-ˈस्ट्रे-शन. शब्द तेच, पण प्रत्येक रूपात जोर जागा बदलतो. अपवाद आहेत: ˈपॉ-लिटिक्स, ˈॲ-रबिक.

तीन. शेवटी ‘ईअर’ किंवा ‘ई’ असेल तर जोर बहुधा शेवटीच: एंजि-ˈनीअर, व्हॉलन्-ˈटीअर, क-ˈरीअर, रेफ्यु-ˈजी. अपवाद आपल्या रोजच्या वापरातला आहे: क-ˈमि-टी.

चार. ‘मेंट’, ‘नेस’, ‘फुल’, ‘ली’ ही शेपटं जोर हलवत नाहीत. मूळ शब्दात डि-ˈव्हे-लप, तर पुढेही डि-ˈव्हे-लपमंट. ˈमॅ-निज, ˈमॅ-निजमंट. हे ‘मंट’ नीट ऐका. देवनागरीत आपण ‘मेंट’ लिहितो आणि मग त्या ‘में’ला पुरा मान देतो. तसंच ‘सर्टिफिकेट’. इंग्रजीत तो सर्-ˈटि-फिकट. ‘केट’ कुठेच नाही.

इथे एक सोय मात्र मराठीने आपल्याला दिली आहे. इंग्रजीतला सगळ्यात जास्त येणारा दबका स्वर आपल्या ‘अ’च्या अगदी जवळचा आहे. तो आपल्याकडे जन्मजात आहे, नव्याने शिकायचा नाही. फक्त स्पेलिंगमधले ए, ओ, यू डोळ्यांना दिसत असताना धीराने ‘अ’ म्हणायचा. कम्फर्टेबल नाही, ˈकम्फ-टबल. व्हेजिटेबल नाही, ˈव्हेज-टबल. जेवणाच्या टेबलाशी त्याचा काही संबंध नाही.

सराव

नुसतं ‘जोराने बोला’ म्हटलं तर लोक ओरडतात. आवाज वाढवू नका. जोराचा तुकडा लांबवा आणि बाकीचे आखडा. टेबलावर बोटाने ठोका द्या, फक्त त्या एका तुकड्याला. रोज पाच शब्द पुरेत. शब्दकोशात उभी रेघ पाहा, वहीत देवनागरीत तुकडे पाडून लिहा, दहा वेळा म्हणा, मग एका वाक्यात वापरा. नवा शब्द शिकताना अर्थ, स्पेलिंग आणि जोर या तिन्ही गोष्टी एकदमच शिका. जोर नंतर पाहू म्हटलं की चुकीचा आकार जिभेवर बसतो, आणि बसलेला काढायला जास्त मेहनत पडते.

दिल्लीकरांना एक फुकटची शाळा आहे. मेट्रोतल्या इंग्रजी सूचना वर्षानुवर्षं रिनी सायमन खन्ना यांच्या आवाजात ऐकू येत आल्या आहेत. त्या दूरदर्शनच्या माजी वृत्तनिवेदिका. अस्सल भारतीय इंग्रजी आहे, आणि गर्दीतही कळतं. गाडीत मोबाईल खाली ठेवा, एक सूचना ऐका आणि कुठले तुकडे उठून आले ते मनात मोजा.

शेवटचं आणि महत्त्वाचं. हे सगळं साहेबासारखं बोलण्यासाठी नाही. तुमचा ‘ट’ मराठी राहू द्या, लय मराठी राहू द्या. लोकसेवा आयोगाची व्यक्तिमत्त्व चाचणी २७५ गुणांची आहे, आणि मुख्य परीक्षा मराठी माध्यमातून दिली असेल तर ती मराठीतूनही देता येते. ज्यांना मराठीत अधिक मोकळं वाटतं त्यांनी बिनधास्त तो मार्ग घ्यावा. पण इंग्रजीतून बोलायचं ठरवलं, तर मंडळाचं लक्ष तुमच्या मुद्द्यावर राहिलं पाहिजे, शब्द ओळखण्यात खर्च होता कामा नये.

आजचा गृहपाठ: ऑफिसर, कलेक्टर, इंटरव्ह्यू, कॅरेक्टर, ॲग्रिकल्चर. प्रत्येकाचे तुकडे पाडा, जोर कुठे ते आधी अंदाजाने लिहा, मग शब्दकोशात ताडून पाहा. पाचपैकी चारांत जोर पहिल्याच तुकड्यावर आहे. पाचवा कोणता, ते तुम्ही शोधा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.