विनाशुल्क दूरचित्रवाणीसाठी अँटेनाची निवड
शिरगाव परिसरातील घरांसाठी उपयुक्त माहिती

डिचोली तालुक्यातील शिरगाव हे गाव श्री लईराई देवीच्या वैशाखातील जत्रेमुळे आणि सभोवतालच्या लोहखनिजाच्या खाणींमुळे गोमंतकात व गोमंतकाबाहेरही सुपरिचित आहे. या परिसरातील अनेक कुटुंबांपुढे आज एक साधा परंतु खर्चाचा प्रश्न उभा आहे. केबल किंवा खाजगी डिशसेवेची मासिक वर्गणी बंद करावयाची, पण बातम्या, हवामानाचे इशारे, मुलांचे शैक्षणिक पाठ व मनोरंजन मात्र घरात चालू राहावे, हे कसे साधावे? अशा वेळी बाजारात मिळणारा, मेजावर ठेवावयाचा किंवा खिडकीला चिकटवावयाचा छोटा अँटेना हा सर्वांत स्वस्त व सोपा उपाय वाटतो. तो आणला जातो, दूरचित्रवाणी संचाला जोडला जातो, आणि पडद्यावर काहीही उमटत नाही. मग कधी संचाला, कधी तारेला, तर कधी दुकानदाराला दोष दिला जातो.

वस्तुतः येथे दोष यांपैकी कोणाचाच नसतो. ज्या लहरी पकडण्यासाठी तो अँटेना बनविलेला असतो, त्या लहरीच आता या परिसरात येत नाहीत. म्हणून अँटेना निवडण्यापूर्वी प्रक्षेपण कोठून येते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

लहरी आणि अँटेना

दूरचित्रवाणीची चित्रे व आवाज विद्युत्-चुंबकीय लहरींच्या रूपाने प्रवास करतात. या लहरींच्या वाटेत धातूची नळी अथवा तार आली की तिच्यात अतिशय क्षीण असा विद्युत्प्रवाह निर्माण होतो. हा प्रवाह संचापर्यंत पोहोचविणे, एवढेच अँटेनाचे कार्य होय. अँटेना स्वतः चित्र निर्माण करीत नाही, आणि जी लहर मुळात नाही ती आणूही शकत नाही.

प्रत्येक लहरीला ठराविक लांबी असते. ३०० या संख्येला लहरीच्या मेगाहर्ट्झमधील कंपनसंख्येने भागले असता ही लांबी मीटरमध्ये मिळते. उदाहरणार्थ, २०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी दीड मीटर भरते. साध्या अँटेनाची नळी लहरीच्या निम्म्या लांबीची असावी लागते. म्हणजे या लहरीसाठी ती सुमारे ७५ सेंटिमीटर हवी. जुन्या छतांवरील अँटेनांच्या नळ्या साधारणपणे हातभर किंवा त्याहून लांब का असत, याचे कारण यातच आहे. एका दांड्यावर ओळीने नळ्या बसविलेल्या या अँटेनाची मूळ रचना जपानमधील हिदेत्सुगु यागी व शिंतारो उदा या संशोधकांनी १९२६ च्या सुमारास केली. एकाच दिशेकडून येणारी लहर अधिक जोमाने ग्रहण करणे हा तिचा विशेष गुण होय.

पणजीकडे वळविलेले अँटेना

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, आणि १९८२ साली रंगीत प्रक्षेपण व राष्ट्रीय कार्यक्रम यांमुळे देशभर प्रक्षेपकांचे जाळे वाढू लागले. पणजीच्या दूरदर्शन प्रक्षेपकामुळे गोमंतकातील खेड्यांतही घरांच्या छपरांवर अँटेना उभे राहिले.

जमिनीवरील प्रक्षेपकाच्या या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. प्रक्षेपकाचा मनोरा जितका उंच, तितका दूरवरचा प्रदेश त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात येतो. १०० मीटर उंचीच्या मनोऱ्यापासून निघालेल्या लहरी सपाट प्रदेशात सुमारे ४० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतात. शिरगावपासून पणजी सरळ रेषेत २० किलोमीटरांच्या आत आहे. तरीही अंतर कमी म्हणून चित्र स्पष्ट, असे समीकरण मांडता येत नाही. वाटेत टेकडी आली की तिच्या मागील वाडा लहरींच्या सावलीत जातो. डिचोली तालुक्यातील चढउतारांच्या प्रदेशात एका घरी स्वच्छ चित्र आणि हाकेच्या अंतरावरील दुसऱ्या घरी नुसत्या मुंग्या, असा प्रकार त्यामुळेच घडू शकतो. लांब खांब, उंच छप्पर आणि अँटेना हळूहळू फिरवून योग्य दिशा शोधणारा घरातील एखादा मुलगा, हे त्या काळातील ग्रहणव्यवस्थेचे आवश्यक घटक होते.

घरातील अँटेनाच्या मर्यादा

छतावरील अँटेनाला जी लहर मोकळी मिळते, तीच घरात शिरताना बरीच दुबळी होते. जाड चिऱ्याच्या भिंती, पावसाळ्यात त्यांत मुरलेली ओल, सिमेंटच्या छतातील लोखंडी सळ्या आणि पत्र्याचे आच्छादन हे सर्व लहरींना अडवितात. शिवाय पंखे, दिवे व इतर विद्युत् उपकरणे यांचा उपद्रव घरात अधिक असतो. यास्तव प्रक्षेपक जवळ व समोर असतानाच घरातील अँटेना उपयोगी पडतो.

अँटेनासोबत येणाऱ्या ‘बूस्टर’विषयीही गैरसमज आढळतो. बूस्टर हा आलेल्या लहरीचे बळ वाढवितो. परंतु तिच्यासोबत आलेला गोंगाटही तितकाच वाढवितो. विहिरीत पाणीच नसेल तर पंप कितीही अश्वशक्तीचा बसविला तरी पाट वाहत नाही, तसेच हे आहे.

बदललेली परिस्थिती

प्रसार भारतीने गेल्या काही वर्षांत जुन्या पद्धतीचे जमिनीवरील दूरचित्रवाणी प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले. सामरिक महत्त्वाच्या सुमारे ५० ठिकाणांचा अपवाद वगळता हे काम ३१ मार्च २०२२ पर्यंत पूर्ण करण्याचे ठरविण्यात आले होते. नव्या अंकीय पद्धतीचे जमिनीवरील प्रक्षेपण २०१६ साली देशातील १६ शहरांत सुरू करण्यात आले. त्यांत मुंबई व औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, यांचा समावेश होता, पणजीचा नव्हता.

मुंबईच्या नातलगाने सुचविलेला अँटेना शिरगावात निरुपयोगी का ठरतो, याचे उत्तर येथे मिळते. परदेशातून आणलेल्या अँटेनाचीही तीच गत होते. इंग्लंडमध्ये किंवा अमेरिकेत जमिनीवरील प्रक्षेपकांवरून अनेक वाहिन्या विनामूल्य दिसतात, आणि तेथील घरांत असा छोटा अँटेना उत्तम काम देतो. तो चांगला असला तरी तो ज्या प्रक्षेपकासाठी आहे तो प्रक्षेपक येथे नाही. वेष्टनावर छापलेले शेकडो किलोमीटरांचे आकडे पाहून या वस्तुस्थितीत काहीही फरक पडत नाही.

आकाशातील प्रक्षेपक

मग विनाशुल्क दूरचित्रवाणी संपली काय? तसे मुळीच नाही. ती आता पणजीच्या दिशेने न येता आकाशातून येते. दूरदर्शनची विनाशुल्क उपग्रह सेवा १६ डिसेंबर २००४ रोजी सुरू झाली. आज ती ‘डीडी फ्री डिश’ या नावाने ओळखली जाते. तिच्यासाठी मासिक वर्गणी नाही. डिश, तिच्यापुढील ग्राहक भाग म्हणजे एलएनबी, तार आणि सेट टॉप बॉक्स यांचा एकदाच खर्च करावा लागतो.

या सेवेची लहर नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडण्यात आलेल्या जीसॅट-१५ या भारतीय उपग्रहावरून येते. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर तो आहे. पृथ्वीच्या परिवलनाबरोबरच तो फिरत असल्याने आपल्याला तो आकाशात एकाच जागी स्थिर असल्यासारखा असतो. म्हणून डिश एकदा नीट बसविली की ती पुनःपुन्हा फिरवावी लागत नाही.

उपग्रहाकडून थेट खेड्यात चित्र आणण्याचा प्रयोग भारताला नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने शेजारच्या कर्नाटकासह सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत असे कार्यक्रम दाखविण्यात आले. त्या वेळी तारेच्या जाळीची सुमारे तीन मीटर व्यासाची डिश गावात उभारावी लागे. आज सुमारे ६० सेंटिमीटरची डिश एका घराला पुरते.

डिशची जागा व दिशा

शिरगावहून पाहता हा उपग्रह आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंचीवर आहे. अधिक काटेकोरपणे सांगावयाचे तर उत्तरेकडून पूर्वेमार्गे मोजलेला त्याचा कोन सुमारे १२७ अंश भरतो. तो बराच उंच असल्यामुळे गावाभोवतालच्या टेकड्यांचा किंवा खाणींच्या ढिगांचा अडथळा सहसा होत नाही. जुन्या अँटेनाला नडणारी टेकडी डिशला नडत नाही, हा या गावाच्या दृष्टीने मोठाच लाभ होय.

अडथळा होतो तो घराजवळच्या माडांचा, आंब्या-फणसांचा आणि शेजारच्या इमारतीचा. जागा तपासण्याची एक सोपी रीत आहे. मार्चच्या मध्यास आणि सप्टेंबर संपताना सकाळी अकराच्या सुमारास सूर्य आकाशात जवळजवळ उपग्रहाच्याच जागी येतो. त्या वेळी अंगणात वा छपरावर जेथे स्वच्छ ऊन पडते, ती जागा डिशला योग्य. जेथे झावळ्यांची सावली पडते, ती अयोग्य. याच दिवसांत काही मिनिटे चित्र बिघडते. सूर्य उपग्रहाच्या मागे आल्यामुळे हे घडते. त्यासाठी कारागीर बोलाविण्याची गरज नाही.

डिश पाहताना ती ६१ अंश वर पाहत आहे असे वाटत नाही. ती पुष्कळ उभी दिसते. तिचा एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूस असतो व लहर तिरकी परावर्तित होते, यामुळे असा भास होतो. म्हणून नुसत्या नजरेने कोन ठरवू नये. सेट टॉप बॉक्सच्या पडद्यावरील ग्रहणशक्तीची पट्टी अथवा कारागिराचे मापक पाहत डिश किंचित किंचित सरकवावी. एक-दोन अंशांच्या चुकीनेही चित्र जाऊ शकते. एलएनबीही आपल्या अक्षाभोवती थोडा फिरवून पाहावा लागतो.

पावसाळ्यातील दक्षता

उपग्रहाच्या लहरीची लांबी अवघी अडीच ते पावणेतीन सेंटिमीटर असते. जोराच्या सरींतील थेंब या आखूड लहरींना शोषून घेतात व विखुरतात, त्यामुळे चित्र अडखळते किंवा काही काळ नाहीसे होते. मृगापासून श्रावणापर्यंत कोसळणाऱ्या गोमंतकातील पावसात असे होणारच. डिशची दिशा उन्हाळ्यातच काटेकोर बसविली असेल, तर मध्यम पावसात चित्र टिकून राहते; दिशा जेमतेम जुळलेली असेल, तर पहिल्याच सरीला ते जाते.

जत्रेच्या आधी घरोघरी साफसफाई व डागडुजी होते, तेव्हाच पुढील गोष्टी तपासून घ्याव्यात :

१. डिशचे बोल्ट घट्ट आहेत काय व भिंतीतील खिळे गंजले आहेत काय, हे पाहावे.
२. एलएनबीजवळील जोडावर पाणी शिरू न देणारी पट्टी गुंडाळावी. घरात शिरण्यापूर्वी तारेला खाली एक वळसा ठेवावा, म्हणजे पाणी तारेवरून आत न येता बाहेरच गळून पडते.
३. गेल्या वर्षात वाढलेल्या फांद्या डिशच्या वाटेत आल्या असल्यास छाटाव्यात.
४. विजा चमकू लागताच संच व बॉक्स यांचे प्लग काढावेत आणि डिशची तारही सोडवावी.
५. विजेच्या तारांजवळ लोखंडी खांब किंवा शिडी कदापि उभी करू नये.

वादळाच्या वेळी मात्र डिशवर सर्वस्वी विसंबून राहणे इष्ट नाही. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात गोमंतकात अनेक ठिकाणी वीजपुरवठा खंडित झाला. वीज नसेल तर दूरचित्रवाणी चालत नाही, आणि मुसळधार पावसात डिशही साथ देत नाही. म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ प्रत्येक घरी असणे हिताचे आहे. इशारा ऐकण्याची सर्वांत जास्त निकड असते, त्याच वेळी तो उपयोगी पडतो.

खरेदी करताना

विनाशुल्क सेवेतील काही वाहिन्या जुन्या एमपेग-२ या, तर काही नव्या एमपेग-४ या पद्धतीने येतात. दोन्ही पद्धती चालणारा बॉक्स घ्यावा, अन्यथा काही वाहिन्या दिसणार नाहीत. काही नव्या संचांत उपग्रहाचा ग्राहक आतच बसविलेला असतो. तसे असल्यास वेगळा बॉक्स घेण्यापूर्वी चौकशी करावी. घरी जुन्या खाजगी सेवेची डिश पडून असेल, तर सुस्थितीतील ती डिश नव्या दिशेला वळवून बहुधा वापरता येते. मासिक शुल्क मागणारा कोणी भेटल्यास, या सेवेला असे शुल्क नाही, हे ध्यानात ठेवावे.

शाळांसाठी लाभ

शिक्षकांच्या दृष्टीने या सेवेचे मोल विशेष आहे. स्वयंप्रभा या शैक्षणिक वाहिन्या २०१७ साली सुरू झाल्या. २०२० साली शाळा बंद पडल्यावर पीएम ई-विद्या योजनेखाली पहिली ते बारावीच्या प्रत्येक इयत्तेसाठी एक वाहिनी देण्यात आली. ज्या घरी मोबाइलची लहर क्षीण आहे किंवा इंटरनेटचा खर्च परवडत नाही, तेथील मुलांनाही डिशवरून हे पाठ पाहता येतात. २०१९ साली डीडी गोवा ही वाहिनीही फ्री डिशवर आली. त्यामुळे पणजीहून एके काळी टेकड्या ओलांडताना अडखळणारे कार्यक्रम आता उपग्रहाच्या मार्गाने गावात येतात.

ग्रामपंचायत, वाचनालय वा शाळा यांनी सार्वजनिक ठिकाणी एक डिश नमुनेदार रीतीने बसवून घेतल्यास ग्रामस्थांना तिची दिशा पाहून आपापली डिश लावता येईल. एकाच गावातील सर्व डिशांचे तोंड एकाच दिशेला असावयास हवे. घरातील अँटेनावर पैसे खर्च करण्यापूर्वी अंगणात उभे राहून आग्नेयेकडील आकाश मोकळे आहे काय, एवढे पाहावे. ते मोकळे असेल, तर एकदाच केलेल्या थोड्या खर्चात, दरमहा वर्गणी न भरता, दूरचित्रवाणी घरात येऊ शकते.